बाटलीची मिरासदारी

चांगली बीअर बाटलींत असते आणि डब्यांत असते ती बाजारी, हा सिद्धान्त आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे इतक्या निःशंकपणें बोलला जातो कीं, त्याला कोणी पुरावा मागितला तर मागणाराच अरसिक ठरावा. ज्या घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं बीअरचें नांव दबक्या आवाजांत निघे, त्याच घरांच्या दिवाणखान्यांत हॉप्सच्या जाती, माल्टची भाजणी आणि यीस्टचें कुळ यांवर रंगलेले वाद आम्हीं ऐकले आहेत. ज्ञान वाढलें ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु इतकें ज्ञान कमावलेला गृहस्थ दुकानांत जाऊन कांचेकडे आदरानें आणि पत्र्याकडे तुच्छतेनें पाहूं लागला, म्हणजे त्याची रसिकता जिभेंत नसून डोळ्यांत आहे असें म्हणणें आम्हांस भाग पडतें.

आपल्या भाषेनेंही या प्रकरणीं उघड पक्षपात केला आहे. 'जी स्वतःच बाटली ती दुसऱ्याला बाटवल्यावांचून कशी राहील' हा जुना श्लेष सर्वांच्या ओळखीचा आहे. माणूस बाटलीच्या नादीं लागतो, बाटलीपायीं घरदार घालवितो. ही बदनामी खरी. पण बदनामी होण्यासाठीं सुद्धां थोडी प्रतिष्ठा अंगीं असावी लागते. डब्याच्या नादीं लागून कोणाचा संसार बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं. त्याच्या वांट्याला रॉकेल, डालडा आणि कचेरींतील दुपारची पोळीभाजी. आणि एखादी वस्तु टाकाऊ निघाली तर 'अगदींच डबा' हा शेरा! अशा जन्मनक्षत्रावर आलेल्या पात्रास उंची पेयाच्या पंक्तींत पाट कोण मांडणार?

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. मद्यपानाची तरफदारी करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. जो पीत नाहीं त्यानें पिण्यास लागावें असें आमच्या या मजकुरांत कांहींही नाहीं. आणि 1949 चा दारूबंदीचा कायदा नांव बदलून महाराष्ट्रांत अद्याप जिवंत असल्यामुळें पिणारानें परवाना बाळगावयाचा असतो, याचेंही आम्हांस विस्मरण झालेलें नाहीं. पण पात्राचा प्रश्न न पिणाराच्या घरींही पोंचतो. पेय ज्याचें त्याच्या पोटांत जातें, पात्र मात्र रस्त्यावर, किल्ल्यावर आणि समुद्रकांठीं सर्वांच्या पायांखालीं येतें.

पात्रानें काय करावें? आंतील पदार्थाचें उजेडापासून आणि हवेपासून रक्षण करावें, आणि स्वतःची चव त्यांत मिसळूं नये. या तीन कसोट्यांवर बाटलीला उभी करून पाहूं.

कांहीं औषधें तपकिरी बाटलींतच कां येतात, असा प्रश्न ज्याला लहानपणीं पडला असेल त्याला पहिली कसोटी समजावयास अडचण पडूं नये. बीअरला जो रुचकर कडवटपणा येतो तो हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांपासून, आणि त्यांतील आयसोह्युमुलोन या द्रव्यांमुळें. बीअरमध्यें रायबोफ्लेविनही असतें. दुधांतलें जें जीवनसत्त्व तेंच हें. उजेड, विशेषतः निळा व अतिनील उजेड, आंत शिरला कीं रायबोफ्लेविन तो टिपून घेतें, त्या कडू द्रव्यांचे तुकडे पडतात, आणि त्यांतून गंधक असलेलें एक नवें द्रव्य जन्मास येतें. त्याची दुर्गंधी अमेरिकेंतील स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखी असते, आणि मनुष्याचें नाक या बाबतींत इतकें तिखट कीं, लिटरामागें कांहीं नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमाचे कांहीं अब्जांश भाग, एवढ्यावरही तें ओळखतें. उजेडानें बीअर बिघडते ही गोष्ट लिंटनर या जर्मन शास्त्रज्ञानें 1875 सालींच नमूद केली होती. आंत नेमकें काय घडतें तें नॉर्थ कॅरोलायना आणि गेंट येथील संशोधकांनीं 2001 मध्यें उलगडून दाखविलें. तपकिरी कांच यांतील बराचसा उजेड अडविते, हिरवी फारच थोडा, आणि पांढरी कांच तर नुसतें स्वागतच करते. भर उन्हांत पांढऱ्या बाटलींतील बीअर कांहीं मिनिटांत नासूं लागते. आतां आपल्याकडील दुकानांत पाहावें. ज्या हिरव्या बाटल्यांना 'परदेशी' म्हणून अधिक दाम पडतो, त्याच रस्त्याकडील फळीवर उन्हांत किंवा दिव्याखालीं मांडून ठेवलेल्या असतात! कित्येकांनीं तो नासका वासच परदेशी बीअरचा खास सुगंध म्हणून पत्करला आहे, ही आमच्या मतें रसिकतेच्या इतिहासांत नोंदण्यासारखी गोष्ट आहे. याहून मौज पुढेंच. पांढऱ्या बाटलीचा हट्ट सुटत नाहीं म्हणून कांहीं मोठ्या कंपन्यांनीं हॉप्सचा अर्कच रासायनिक रीतीनें बदलून घेतला, कीं तो उजेडांत बिघडूं नये. पात्रासाठीं पेय बदललें. टोपीच्या मापानें डोकें तासावें त्यांतला हा प्रकार. डब्याला या कसोटीवर कांहीं बोलावेंच लागत नाहीं, कारण पत्र्यांतून उजेड जात नाहीं.

दुसरी कसोटी हवेची. बाटलीवरचें दंतुर बूच बाल्टिमोर येथील विल्यम पेंटर यानें 1892 मध्यें पेटंट केलें, आणि तें खरोखर मोठें काम झालें. पण त्या बुचाच्या आंतील अस्तरांतून प्राणवायु महिनोन्‌महिने मुंगीच्या पावलानें आंत जात राहतो. त्यानें ताज्या हॉप्सचा सुगंध मावळतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येऊं लागते. डब्याचें झांकण अंगाशीं दुहेरी दुमडून दाबलेलें असल्यामुळें ही वाट बंद होते. मात्र डबेवाल्यांच्या बाजूनें येथें थोडा कमीपणा घेतला पाहिजे. डब्याचें तोंड रुंद; भरणारा निष्काळजी असला तर झांकण बसण्यापूर्वींच हवा आंत शिरते, आणि त्या निश्छिद्र डब्यांत दोषच बंदिस्त होतो. यंत्रें स्वस्त आणि कारागीर नवशिके, अशा ठिकाणीं हें वारंवार घडतें. परंतु हा दोष भरणाराचा आहे. बुचाचा दोष बुचाचाच आहे.

राहिली तिसरी कसोटी, आणि खरा आक्षेप येथेंच आहे. 'डब्यांतल्या बीअरला पत्र्याची चव येते' हें वाक्य आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे कीं, तें म्हणणाराच्या आजीची आम्हांस आठवण होते. त्या माउलीला या प्रश्नाचें उत्तर ठाऊक होतें. पितळेच्या पातेल्यांत ती आमटी करी, ताकाची कढी करी, आणि तीं कळकत नसत; कारण पातेल्याला आंतून कल्हई असे. कल्हई उडाली कीं ती पातेलें चुलीवर चढवीत नसे, कल्हईवाल्याची वाट पाही. डब्यालाही आंतून अशीच कल्हई असते, फक्त ती कथिलाची नसून राळेसारख्या द्रव्याच्या अतिशय पातळ थराची असते. बीअरचा धातूशीं स्पर्शच होत नाहीं. जी चव येते ती बहुधा डब्यालाच तोंड लावून पिणाराच्या ओठांना आणि नाकाला येते. पेल्यांत ओतून घेतली तर ती नाहींशी होते. बाटलीला तोंड लावणें ज्यांना अशिष्ट वाटतें त्यांनींच डब्याला तोंड लावावें आणि मग डब्यावर खटला भरावा, हा न्याय चमत्कारिक आहे.

तथापि हा ग्रह अगदींच आकाशांतून पडला असें नाहीं. डब्यांतील पहिली बीअर विक्रीस आली ती 24 जानेवारी 1935 रोजीं, अमेरिकेंतील रिचमंड शहरीं. बीअर न्यूअर्क येथील क्रूगर यांची, डबे अमेरिकन कॅन कंपनीचे. आपल्या गांवीं नांव जाऊं नये म्हणून क्रूगरनीं दूरचें गांव परीक्षेसाठीं निवडलें असें सांगतात. भाजीपाला आणि मासे डब्यांत भरण्यास त्या वेळीं शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. बीअरच मागें कां राहिली? कारण बीअर डब्यांत स्वस्थ बसत नाहीं. तिच्यांतील वायूचा दाब झांकण उडवूं पाहतो, आणि लोखंड लागतांच ती गढूळ व बेचव होते. म्हणून डबा मजबूत हवा आणि आंतील लेप निर्दोष हवा; हीं दोन्ही साधण्यास कारागिरांचीं कित्येक वर्षें खर्चीं पडलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वेल्समधील लानेली गांवच्या फेलिनफोएल भट्टीनेंही डबे काढले. कथिल चढविलेल्या पत्र्याचा धंदा हाच त्या गांवचा पोटाचा धंदा होता, म्हणून ही घाई. तो पत्रा जाड होता, लेप कच्चा असे, आणि डबा फोडावयास वेगळें हत्यार लागे. ॲल्युमिनियमचा डबा कूर्स कंपनीनें 1959 त आणला. ओढून काढावयाची कडी 1962 त आली, आणि लोक ती कडी वाळूंत टाकूं लागल्यामुळें पाय कापूं लागले, तेव्हां डब्यालाच चिकटून राहणारी कडी 1975 त निघाली. म्हणजे ज्या डब्याला आपण आज नांवें ठेवतों तो डबा पाऊणशें वर्षांपूर्वींचा आहे. आजचा डबा त्याचा नातू आहे, आणि आजोबांचा खोकला नातवाच्या नांवावर मांडणें बरें नव्हे.

दुसरें कारण असें कीं, मोठमोठ्या कारखान्यांनीं आपली फिक्कट, पाणचट बीअर वर्षानुवर्षें डब्यांत भरली, आणि लोकांनीं आंतल्या मालाचा राग बाहेरच्या पत्र्यावर काढला. या समजुतीला पहिला मोठा तडा एका लहान भट्टीनें दिला. कोलोराडोंतील लायन्स या छोट्या गांवीं ऑस्कर ब्लूज नांवाच्या भट्टीनें 2002 च्या नोव्हेंबरांत आपलें कडक हॉप्सचें 'डेल्स पेल एल' डब्यांत भरण्यास प्रारंभ केला. यंत्र काय, तर मेजावर मांडावयाचें, हातानें चालवावयाचें, कॅनडांतील एका कंपनीनें केलेलें. त्या काळीं लहान भट्टीवाल्यानें डबा वापरणें म्हणजे गवयानें बॅंडवाल्याचा पोशाख घालण्यासारखें होतें. आज अमेरिकेंतील नांवाजलेल्या लहान भट्ट्यांपैकीं कितीतरी डब्यांतच माल पाठवितात. आयर्लंडच्या गिनेसनें तर त्याआधींच, 1988 त, डब्यांत नायट्रोजनची लहानशी कुपी घालून पिंपांतल्यासारखा दाट फेंस घरीं आणून दिला होता.

लहान भट्टीला डबा इतका कां मानवतो, हें आपल्या लोकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. पुण्यांत 2009 सालीं डूलालीची भट्टी सुरू झाली, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईकडे अशा भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांचा माल बहुधा तेथेंच बसून प्यावयाचा. परंतु तो गांवाबाहेर पाठवावयाचा झाला कीं प्रश्न येतो पात्राचा. 330 मिलिलिटरची रिकामी कांचेची बाटली सुमारें 200 ग्रॅम भरते, तितक्याच मापाचा डबा सुमारें 13 ग्रॅम. बाटलीवाल्याची मालगाडी वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक कांच वाहते. डबे एकमेकांवर चळतीनें बसतात, फुटत नाहींत, लवकर थंड होतात (आणि लवकर गरमही होतात, हें कबूल). ज्याचें भांडवल थोडें आणि माल नाजूक, त्याला हें सर्व जीवनमरणाचें आहे. म्हणून डब्याला हलका म्हणून नाकारणारा ग्राहक नकळत त्याच लहान कारागिराच्या पोटावर पाय देतो, ज्याचें कौतुक करतांना त्याची जीभ थकत नाहीं.

ही केवळ बीअरचीच कथा नाहीं. द्राक्षमद्याच्या रसिकांनीं झाडाच्या सालीच्या बुचासाठीं असाच हट्ट धरला होता. त्या बुचांतून एक द्रव्य उतरून कांहीं बाटल्या कुबट होतात हें ठाऊक असूनही बूच काढण्याचा तो 'टप्' असा आवाज कोणाला सोडवेना. अखेर ऑस्ट्रेलियांतील क्लेअर खोऱ्यांतील कांहीं उत्पादकांनीं 2000 सालचें आपलें रीझलिंग एकजुटीनें फिरकीच्या झांकणाखालीं विकलें, आणि न्यूझीलंडनें तर तो पंथच स्वीकारला. खोक्यांतील पिशवींत वाइन भरण्याची युक्तीही ऑस्ट्रेलियांतील अँगोव्ह यांची, 1965 ची; तींतून पेलाभर घेतला तरी पिशवी आक्रसते आणि मागें राहिलेल्या वाइनला हवा लागत नाहीं. रोज एकच पेला घेणाऱ्या घराला याहून सोईचें पात्र आम्हांस माहीत नाहीं. पण पाहुण्यांपुढें खोकें कोण ठेवणार!

आतां जो आक्षेप आम्ही मनापासून मानतों त्याकडे वळूं. ॲल्युमिनियम फुकट येत नाहीं. एक टन धातूला सुमारें चार टन बॉक्साइट खणावें लागतें, त्यांतून तांबडा क्षारयुक्त चिखल मागें राहतो, आणि एक किलो धातु गाळावयास चौदा-पंधरा युनिट वीज लागते. ओडिशांतील नियमगिरीचा डोंगर या बॉक्साइटसाठींच हवा होता. सर्वोच्च न्यायालयानें 2013 त निर्णय ग्रामसभांवर सोंपविला, आणि बाराही ग्रामसभांनीं खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंधांचा तो डोंगर वांचला. सर्वच डोंगर असे वांचत नाहींत. त्या राळेच्या लेपांतही बिस्फेनॉल-ए हें संशयित द्रव्य पुष्कळ वर्षें होतें. युरोपीय संघानें अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घालणारा नियम 2024 च्या डिसेंबरांत केला, आणि कारखानदार त्यावांचूनचे लेप वापरूं लागले आहेत. आपल्याकडील डब्यांवर लेप कोणता, हें छापण्याची सक्ती व्हावी असें आमचें स्पष्ट मत आहे.

याहून अडचणीची गोष्ट ही कीं, आपल्याकडील 650 मिलिलिटरची जुनी बाटली ही एका अर्थानें आदर्श वस्तु आहे. भंगारवाला ती घेतो, ती धुतली जाते, पुन्हां भरली जाते, आणि तिच्या अंगावर घासून घासून जी पांढरी वलयें उमटतात तीं तिच्या खेपांची नोंदवहीच होय. कारखान्यापासून जवळच्या गांवांत अशी फिरती बाटली असेल तर तिच्यापुढें आम्ही डब्याचा पक्ष घेत नाहीं. पण प्रतिष्ठेची म्हणून जी बाटली घरीं येते ती ही नव्हे! ती परदेशाहून किंवा परराज्यांतून आलेली, निराळ्या घाटाची, लहान, नक्षीदार. तिला पुन्हां भरणारा कोणी नसतो. जिची खेप एकच, तिनें फिरत्या बाटलीच्या पुण्याईवर मिरवूं नये. एकखेपी बाटली आणि डबा यांची तुलना करावयाची असेल, तर ती करण्यास योग्य माणूस कचरा वेंचणारी बाई आहे. पुण्यांत अशा कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेच्या बरोबरीनें काम करते. रिकामा डबा ॲल्युमिनियमच्या भावानें विकला जातो. पाऊणशें डब्यांचा किलो होतो आणि त्याचे रोख पैसे येतात. जुन्या डब्यापासून नवा धातु करावयास मूळच्या वीसांश एवढीच शक्ति लागते, म्हणून गिऱ्हाईक पक्कें. फुटक्या कांचेला कवडीमोल भाव, आणि तिची पहिली किंमत बोटांच्या रक्तानें द्यावी लागते. आपल्या किल्ल्यांवर दर पावसाळ्यानंतर साफसफाईला जाणाऱ्या तरुणांच्या पोत्यांत काय सांपडतें तें त्यांनाच विचारावें. निलगिरींत जंगलांतील कांचांनीं हत्तींचे पाय चिरूं लागले, तेव्हां मद्रास उच्च न्यायालयानें लक्ष घातलें, आणि 2022 पासून तेथें सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागें दहा रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली परत केल्यावर ते फेडण्याची पद्धति सुरू झाली.

हीच अनामत डब्यावरही हवी. जर्मनीनें 1 जानेवारी 2003 पासून ती बसविली. आरंभीं डबे दुकानांतून जवळजवळ नाहींसे झाले आणि डबेवाल्यांनीं आकांत केला. आज तेथें डबे पुन्हां आहेत, पंचवीस सेंट अनामत आहे, आणि रिकामा डबा रस्त्यावर दिसला तर उचलणारा तत्काळ भेटतो. गोवा सरकारनें 2024 च्या ऑगस्टांत अशा अनामतीची योजना अधिसूचित केली, हें त्या राज्याला भूषणावह आहे. महाराष्ट्रांत तळोजें येथें आणि छत्रपति संभाजीनगरच्या परिसरांत डबे घडविणारे कारखाने आहेत, वेंचणारे हात आहेत, भंगाराचा बाजार आहे. नाहीं ती फक्त दहा रुपयांची ती चिठ्ठी.

डब्याचा पक्ष घेतला म्हणजे प्रत्येक नव्या वेष्टनाचा घेतला असा अर्थ कोणी करूं नये. दक्षिणेंत व्हिस्कीसारखें कडक मद्य फळांच्या रसासारख्या दिसणाऱ्या कागदी खोक्यांत विकतात. 2025 च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीं, असें खोकें मुलाच्या दप्तरांत कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं अशी चिंता व्यक्त केली, ती आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटते. कागद, प्लास्टिक आणि धातु यांचे थर एकत्र चिकटविलेलें तें खोकें वेगळें करणेंही कठीण. दुधाला तें ठीक आहे. मद्य ओळखूं येईल अशाच पात्रांत असावें.

2025 सालीं ॲल्युमिनियमच्या डब्यांवर मानक प्रमाणपत्राची सक्ती आली आणि बीअरवाल्यांनीं डब्यांची टंचाई झाल्याची ओरड केली. मोठ्यांनीं ओरड करून आपला मार्ग काढला असेल. लहान भट्टीवाल्याला मात्र थोडे डबे कोणी विकतच देत नाहीं, कारण कारखाना एका छापाचे लाखोंनीं डबे मागणारास ओळखतो. यावर तोडगा परदेशांतील लहान भट्ट्यांनीं काढला आहे: कोरे डबे समाईक खरेदी करावे आणि त्यांवर आपापली चिठ्ठी चिकटवावी. पुण्या-मुंबईच्या भट्टीवाल्यांनीं एवढें एक जरी केलें, तरी त्यांचा माल कोल्हापूर-नागपुरास धड पोंचेल. आणि तेथील ग्राहकानें डबा हातीं आल्यावर प्रथम तो उलटा करून बुडावरील भरल्याची तारीख वाचावी. मग वरचा भाग धुवून, पुसून, बीअर पेल्यांत ओतावी, आणि तिचें काय म्हणणें आहे तें नाकानें ऐकावें.